नाताळची टर्की : घाई नको, अंदाजही नको

गुलमोहराला रंग चढला आणि बाजारात लिचीचे लालबुंद घोस लटकू लागले, की आपल्या मॉरिशस बेटावर डिसेंबर आल्याचे सांगायला कॅलेंडर पाहावे लागत नाही. शाळांना सुट्ट्या लागतात. लंडन, पॅरिस, मेलबर्न येथे स्थायिक झालेली मुले-नातवंडे घरी येतात. पंचवीस तारखेचा नाताळ, त्यामागून नववर्षाचे पहिले दोन दिवस, असा हा आठवडा म्हणजे घराघरांतून पंगतींचा आठवडा. दुकानांच्या शीतपेट्यांत बर्फासारख्या टणक टर्की दिसू लागतात त्याही याच दिवसांत.

परदेशातून आलेली सून म्हणते, "आई, यंदा आपण टर्की भाजू या." सासूबाई विचारतात, "अगं, एवढा मोठा पक्षी आपल्या ओव्हनमध्ये मावणार कसा? आणि आतून शिजला हे कळणार कसे?" आमच्या मते सासूबाईंचे हे दोन्ही प्रश्न सूनबाईच्या उत्साहाइतकेच मोलाचे आहेत. टर्की भाजण्याच्या बहुतेक कृती थंड देशांत, कडक हिवाळ्यासाठी लिहिलेल्या असतात. आपला नाताळ येतो ऐन उन्हाळ्यात. तिकडची कृती जशीच्या तशी उचलली तर पंचाईत होते, आणि ती नुसती चवीची नसते. पंगतीला बसलेल्या लहान मुलांच्या व वृद्धांच्या प्रकृतीचाही प्रश्न असतो. म्हणून आज या विषयावर जरा विस्ताराने लिहावे असे आम्ही योजले आहे.

नाव एका देशाचे, गाव दुसऱ्याच देशात

आधी या पाहुण्याची ओळख करून घेऊ. आपल्या क्रिओलमध्ये टर्कीला 'कोदेन' म्हणतात. हा शब्द फ्रेंच 'कोक दँद'वरून आला आणि त्याचा सरळ अर्थ 'हिंदुस्थानचा कोंबडा'. खुद्द तुर्कस्तानातही या पक्ष्याला 'हिंदी' असेच म्हणतात. डच लोकांनी त्याचे नाव कालिकत बंदरावरून पाडले, तर इंग्रजांनी तुर्कस्तानावरून. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. आपल्या मराठीत मात्र पेरू म्हणजे झाडावरचे फळ! गंमत अशी, की हा पक्षी ना हिंदुस्थानचा, ना तुर्कस्तानचा, ना पेरू देशाचा. त्याचे मूळ गाव मेक्सिको. तेथील लोकांनी त्याला दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवले होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तेथून तो जगभर पसरला.

हिंदुस्थानशी त्याचा संबंध अगदीच नाही असेही नव्हे. १६१२ साली मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही अपूर्व प्राणी आणले. त्यांत टर्कीचा नर होता. त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग क्षणोक्षणी पालटतो हे पाहून बादशहा चकित झाला आणि आपल्या आठवणींत त्याने ते नमूद करून ठेवले. दरबारातील चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे ज्या कोकणातून आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज येथे आले, त्या कोकणाच्या शेजारी हा पक्षी चारशे वर्षांपूर्वीच उतरला होता.

इंग्लंडमध्ये नाताळ आणि टर्की यांची गाठ पक्की होण्यास चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या 'अ ख्रिसमस कॅरोल' या कथेचाही हातभार लागला. तिच्या शेवटी कंजूष स्क्रूज आपल्या गरीब कारकुनाच्या घरी मोठी थोरली टर्की पाठवतो. अमेरिकेत मात्र टर्कीचा खरा मान नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, कृतज्ञतेच्या सणाला असतो.

आपल्या बेटावर या पक्ष्याची एक निराळी सोय आहे. आपल्या पंगतीला शेजारचे ख्रिस्ती कुटुंब येते, मुसलमान मित्र येतात, आपले नातेवाईक तर असतातच. कोणी गोमांस खात नाही, कोणी डुकराचे मांस खात नाही. टर्की यांतल्या मांसाहारी मंडळींना बहुधा चालते. मुसलमान पाहुणे येणार असतील तर हलाल शिक्का पाहून घ्यावी, म्हणजे कोणालाही संकोच वाटणार नाही.

विकत घेण्यापूर्वी

दुकानात जाण्यापूर्वी घरच्या ओव्हनची आतली लांबी, रुंदी व उंची टेपने मोजून घ्या. ट्रे ठेवल्यावर पक्ष्याच्या वर आणि चहूबाजूंनी गरम हवा फिरायला जागा उरली पाहिजे. हाडांसकट कच्च्या वजनाचा हिशेब माणशी अर्धा किलो धरावा. दहा जणांना पाच किलोची टर्की पुरते. पंगत वीस जणांची असेल तर दहा किलोच्या एका धुडापेक्षा पाच-पाच किलोच्या दोन बऱ्या. ओव्हन लहान असेल तर दुकानदाराकडून तंगड्या आणि छाती वेगळ्या करून घ्याव्यात. अख्खा पक्षी ताटात मिरवता येत नाही खरा, परंतु भाजणे सोपे होते आणि वेळही वाचतो.

वेष्टनावरचा मजकूर नीट वाचा. काही टर्कींना कारखान्यातच मिठाचे पाणी टोचलेले असते. अशा पक्ष्याला घरी पुन्हा मीठ चोळले तर तो खारट होतो.

आणखी एक वस्तू आम्ही आग्रहाने सुचवू : मांसात खुपसायचा थर्मामीटर. तो का हवा, हे पुढे येईलच.

बर्फ उतरवण्याचे तीन दिवस

येथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. आदल्या रात्री टर्की ओट्यावर काढून ठेवली म्हणजे सकाळी मऊ होईल, असा पुष्कळांचा समज असतो. थंड देशातही ही पद्धत धोक्याचीच. आपल्याकडे तर डिसेंबरात रात्रीसुद्धा स्वयंपाकघर उबदार असते. बाहेरचे मांस कोमट होते, पोटात मात्र बर्फ तसाच राहतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि बाहेरचे मांस रात्रभर नेमके त्या पट्ट्यात पडून राहते.

योग्य मार्ग फ्रिजचा. दर दोन किलोला सुमारे एक दिवस, असा हिशेब ठेवा. पाच किलोच्या टर्कीला जवळजवळ तीन दिवस लागतात. पंचवीस तारखेच्या दुपारचे जेवण असेल तर एकवीस तारखेच्या सकाळी ती फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवावी. वरच्या कप्प्यात ठेवली तर तिचे पाणी खालच्या दह्यात, फळांत किंवा पूजेच्या दुधात ठिबकायचे. पूर्ण वितळल्यावर ती फ्रिजमध्ये आणखी एक-दोन दिवस चांगली राहते, म्हणून थोडे आधी काढले तरी बिघडत नाही.

वेळ कमी असेल तर पाण्याचा उपाय आहे. टर्की न गळणाऱ्या पिशवीत बांधून गार पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. पाच किलोला साडेपाच-सहा तास लागतात. या दिवसांत नळाचे पाणी गार नसते, तेव्हा त्यात बर्फ घालावा. या पद्धतीने वितळलेली टर्की मग लगेच भाजली पाहिजे.

या हंगामाबाबत आणखी एक सांगणे आहे. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे हे चक्रीवादळांचे दिवस. वीज गेली तर फ्रिजचे दार उघडू नका. बंद फ्रिज सुमारे चार तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत टिकतो.

धुवावी की नाही?

आपल्या बायकांना हे वाचून नवल वाटेल, पण टर्की नळाखाली धुऊ नये. कोंबडी मीठ-लिंबू लावून धुण्याची आपली सवय जुनी आहे आणि तिच्यामागे स्वच्छतेचीच भावना आहे. परंतु कच्च्या मांसावर असणारे सालमोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू धुण्याने जात नाहीत. ते पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवर मात्र उडतात. ते मरतात आचेने. धुण्याऐवजी कागदी रुमालाने पक्षी आतून-बाहेरून टिपून कोरडा करावा आणि मग आपले हात, सुरी व पाट साबणाने धुवावेत. ज्या घरी कोशिंबीर आणि शाकाहारी पदार्थ त्याच ओट्यावर होतात, तेथे हे पथ्य फार जपावे. शाकाहारी वडीलधाऱ्यांचे पदार्थ आधी करून झाकून ठेवले तर उत्तम.

टिपताना पोटात व मानेच्या पोकळीत हात घालून पाहावे. मान, काळीज, पेठा यांची पुडी तेथे ठेवलेली असते. ती काढायची राहिली तर पक्ष्याबरोबर भाजली जाते. पुडीतल्या मानेचा रस्सा छान होतो.

मसाला आपल्या हाताचा

चोवीस तारखेच्या सकाळी टर्कीला मीठ लावावे. बारीक मीठ किलोला एक चहाचा चमचा, म्हणजे पाच किलोला पाच चमचे. आतून-बाहेरून चोळून पक्षी रात्रभर फ्रिजमध्ये तसाच राहू द्यावा. मीठ आधी मांसातले पाणी बाहेर ओढते. मग त्या पाण्यात विरघळून हळूहळू परत आत मुरते आणि भाजताना मांसाचा रस धरून ठेवते. वरचे कातडेही कोरडे राहते, त्यामुळे ते खमंग होते.

सकाळी मसाला. युरोपात लोणी, मिरपूड व थाइम एवढ्यावर भागवतात. आपल्या बागेत थाइम आहे आणि कोतोमिलीही आहे, म्हणजे आपली कोथिंबीर. वीस पाकळ्या लसूण, तीन बोटे आले, चार हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, थाइमची पाने, थोडी हळद व मिरपूड एकत्र वाटावी आणि दीडशे ग्रॅम मऊ लोण्यात कालवावी. छातीवरचे कातडे बोटांनी हलकेच सुटे करून हे लोणी कातड्याच्या आत भरावे. बाहेरून लावलेला हिरवा मसाला तीन तासांच्या आचेने जळून कडू होतो. बाहेरच्या बाजूला नुसते लोणी किंवा तूप चोळावे. मीठ आधीच लागलेले असल्याने मसाल्यात पुन्हा घालू नये.

पोटात एक कांदा, अर्धे लिंबू आणि थाइमच्या काड्या सुगंधापुरत्या घालाव्यात. पाव किंवा भाताचे सारण भरायचा मोह आवरावा. ते पक्ष्याच्या कच्च्या रसात भिजते आणि शिजते सर्वांत शेवटी. सारण वेगळ्या भांड्यात भाजले तर चवीत काही कमी पडत नाही.

आच आणि डोडोचा धडा

टर्कीची खरी अडचण तिच्या शरीरातच आहे. छातीचे मांस पांढरे, कमी चरबीचे. ते लवकर शिजते आणि थोडे जास्त झाले की चोथा होते. तंगड्यांचे मांस गडद व चिवट. ते मऊ व्हायला जास्त आच आणि जास्त वेळ लागतो. एकाच ओव्हनमध्ये या दोघांना सांभाळायचे असते.

येथे आपल्या बेटाच्या इतिहासातला एक प्रसंग आठवतो. १५९८ साली डच खलाशी प्रथम मॉरिशसच्या किनाऱ्याला लागले. त्यांनी डोडो पकडून शिजवला आणि त्याला 'वाल्गफोगेल', म्हणजे किळसवाणा पक्षी, असे नाव दिले. कारण त्यांनीच लिहून ठेवले आहे : तो जितका जास्त शिजवावा तितका वातड व बेचव होई, छातीचा भाग मात्र चांगला लागे. बिचारा डोडो शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला. टर्कीच्या छातीला हे नाव मिळू नये एवढी दक्षता आपण घेऊ शकतो.

ओव्हन १६५ अंश सेल्सिअसवर आधी तापवून घ्यावा. याहून कमी आच ठेवू नये. पक्षी छाती वर करून ट्रेमध्ये ठेवावा. पाच किलोला पावणेतीन ते तीन तास धरावेत. दुपारी एक वाजता जेवण असेल तर साडेआठला ओव्हन पेटवा, नऊला टर्की आत ठेवा. गॅसच्या ओव्हनची आच मागच्या बाजूस जास्त असते, तेव्हा दीड तासाने ट्रे फिरवावा. छातीला छान रंग आला की तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद सैलसर झाकावा. तंगड्या उघड्याच राहू द्याव्यात. रस घालण्यासाठी घडोघडी दार उघडू नये. दर वेळी उष्णता बाहेर जाते आणि वेळेचा हिशेब चुकतो.

आता सासूबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू : शिजली हे कळणार कसे? रंगावर जाऊ नये. कातडे सोनेरी झाले तरी आत कच्चे असू शकते. उलट पूर्ण शिजलेले मांसही कधी कधी हाडाजवळ गुलाबी राहते. सव्वादोन तासांनंतर थर्मामीटर मांडीच्या आतल्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, खुपसावा. मग छातीत आणि पंखाच्या सांध्यापाशी पाहावे. तिन्ही ठिकाणी ७४ अंश सेल्सिअस दिसले की टर्की शिजली. घड्याळ नुसता अंदाज देते, निकाल थर्मामीटरचा.

आदल्या दिवशी अर्धी भाजून ठेवू आणि उरलेली सकाळी भाजू, असा विचार कामाच्या गर्दीत मनात येतो. तो कटाक्षाने टाळावा. अर्धवट ऊब जंतूंना वाढवते, मारत नाही. आदल्या दिवशी करायचीच तर पूर्ण भाजावी, तुकडे करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि वाढताना रश्श्यासह वाफ येईपर्यंत, म्हणजे पुन्हा ७४ अंशांपर्यंत, गरम करावी.

ओव्हनमधून काढल्यावर लगेच सुरी लावू नये. वीस ते तीस मिनिटे टर्कीला विश्रांती द्यावी. लगेच कापली तर सगळा रस पाटावर वाहून जातो. तेवढ्या वेळात ट्रेमधल्या रसावरची चरबी काढून त्यात मानेचा रस्सा व थोडे पीठ घालून ग्रेव्ही उकळावी. कापताना आधी तंगड्या सोडवाव्यात, मग छातीचे मांस आडवे, पातळ कापावे. सोबत भात, पोमदामूरची चटणी, अशार आणि हिरव्या मिरच्या असल्या की लंडनच्या पाहुण्यालाही आपण मॉरिशसमध्ये जेवतो आहोत याची आठवण राहते.

जेवण झाल्यावरची जबाबदारी

पंगत उठते, पुरुषमंडळी पत्ते मांडतात, मुले समुद्रावर पळतात आणि टर्की टेबलावर तशीच पडून राहते. आमच्या मते सणातला सर्वांत धोक्याचा तास हाच. शिजलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. उष्मा ३२ अंशांवर असेल तर एका तासातच. आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या गावांत डिसेंबरच्या दुपारी एवढा उष्मा नवलाचा नाही. समुद्रकिनारी टर्की डब्यातून नेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

मांस हाडांवरून सोडवून उथळ भांड्यांत भरावे, म्हणजे ते चटकन गार होते. मोठ्या पातेल्यातला रस्सा रात्रभर शेगडीवर ठेवून सकाळी उकळी काढण्याची सवय आपल्या घरांत आहे; तीही आता सोडायला हवी. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू अशा सावकाश निवणाऱ्या पातेल्यातच वाढतो. अमेरिकेत त्याच्यामुळे होणाऱ्या पोटाच्या आजाराच्या साथी नोव्हेंबर-डिसेंबरात, सणाच्या जेवणांनंतर, विशेष दिसतात. निरोगी तरुणाला एक दिवस जुलाब होऊन तो बरा होतो. ऐंशी वर्षांच्या आजींना आणि दोन वर्षांच्या नातवाला तो जड जाऊ शकतो.

फ्रिजमध्ये हे मांस तीन-चार दिवस टिकते. त्याची करी करा, बिर्याणी करा, पोमदामूरच्या रुगायमध्ये घाला. हाडे कांदा-आल्यासह दोन तास उकळली की सुंदर बुयों तयार होते. ज्यांच्या घरी काही वारी मांसाहार वर्ज्य असतो त्यांनी तुकडे फ्रीझरमध्ये ठेवावेत. एवढी महाग वस्तू वाया जाता कामा नये.

तात्पर्य, टर्की हा काही अवघड पदार्थ नव्हे. तिला तीन दिवस फ्रिजमध्ये द्यावे लागतात, तीन तास ओव्हनमध्ये द्यावे लागतात आणि अर्धा तास टेबलावर. यांतला कोणताही वेळ चोरला की ती सूड उगवते. पुरणपोळीचे पुरण घाईने शिजत नाही हे ज्यांच्या आज्यांनी त्यांना शिकवले आहे, त्या आपल्या भगिनींना ही गोष्ट निराळी सांगायला नको. सासूबाईंची चिकाटी आणि सूनबाईचा थर्मामीटर एकत्र आले, की शेजाऱ्यांच्या या सणाची पंगतही आपल्या घरी निर्धास्तपणे उठेल.

आमच्या सर्व वाचक कुटुंबांना नाताळाच्या व नववर्षाच्या शुभेच्छा. बानाने!